खर्डीचा रूळ, खर्डीचा रस्ता: तरुणाईच्या वेगाचा इतिहास

१/ शहापूर तालुक्यातील खर्डीच्या परिसरातून मुंबई-नाशिक लोहमार्ग आणि जुना मुंबई-आग्रा रस्ता असे दोन्ही मार्ग कसाऱ्याच्या थळ घाटाकडे जातात. घाट एकच, परंतु चालकाच्या मनावर किती विसंबावे, याचे दोन्ही मार्गांचे उत्तर वेगळे आहे.

२/ रेल्वे १८६१ मध्ये कसाऱ्यापर्यंत आली आणि १८६५ मध्ये घाट चढून इगतपुरीला पोहोचली. येथे ३७ फुटांमागे १ फूट असा तीव्र चढ आहे. उतरणाऱ्या गाडीसाठी ब्रेकची तपासणी आणि वेगमर्यादा सक्तीची असते. कसलेल्या चालकाचाही अंदाज चुकू शकतो, हे गृहीत धरूनच हे नियम बांधलेले आहेत.

३/ रस्त्यावर मात्र दीर्घकाळ दोष माणसाच्या स्वभावाला दिला गेला. १९१९ मध्ये ग्रीनवुड आणि वुड्स या ब्रिटिश संशोधकांनी दारूगोळा कारखान्यांतील अपघातांचा अभ्यास केला. काही मोजक्या व्यक्तींनाच वारंवार अपघात होतात, असे त्यांना दिसले. यातून रुजलेली ‘अपघातप्रवण व्यक्ती’ ही कल्पना पुढे वाहनचालकांनाही लागू केली गेली.

४/ २००५ मध्ये अमेरिकेतील गार्डनर आणि स्टाइनबर्ग यांनी वेगळा प्रश्न विचारला: चालकासोबत कोण आहे? संगणकावर गाडी चालविण्याच्या खेळात, मित्र जवळ असताना १३ ते १६ वर्षांच्या मुलांनी एकटे असतानापेक्षा सुमारे दुप्पट धोका पत्करला. १८ ते २२ वयोगटात ही वाढ निम्म्याने होती. चोविशी ओलांडलेल्यांवर मित्रांच्या उपस्थितीचा परिणाम झाला नाही.

५/ २०११ मधील मेंदूच्या प्रतिमांनी याला दुजोरा दिला. मित्र पाहत असताना किशोरांच्या मेंदूतील सुखाच्या अपेक्षेशी निगडित भाग अधिक सक्रिय होत होते. धोका ठाऊक नसतो असे नाही. त्या क्षणी वाहवा अधिक मोलाची वाटते.

६/ न्यूझीलंडने त्याआधीच, १९८७ मध्ये, टप्प्याटप्प्याने परवाना देण्याची पद्धत आणली. नवशिक्या चालकाच्या रात्रीच्या प्रवासावर आणि सोबत्यांवर बंधने आली.

७/ भारताच्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने वय ठरविले: सर्वसाधारणपणे १८ वर्षे पूर्ण. २०१९ च्या दुरुस्तीने अल्पवयीन मुलाच्या गुन्ह्यासाठी पालक वा वाहनमालकास ३ वर्षांपर्यंत कारावास आणि २५,००० रुपये दंडाची तरतूद केली. मात्र शिकाऊ परवान्यानंतर थेट पक्का परवाना मिळतो. सोबत किती मित्र असावेत, यावर बंधन घालणारा मधला टप्पा नाही.

८/ ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी-आमणे हा अखेरचा टप्पा खुला झाला आणि शहापूर तालुक्याच्या दाराशी नवा वेग आला. परवान्यात नसलेला तो टप्पा आज मित्रांनाच पाळावा लागतो. दुचाकीवर मागे बसलेला मित्र हा केवळ प्रेक्षक नसतो. ज्याच्यासाठी वेग वाढविला जातो, त्यानेच “हळू घे” म्हटले, तर वेग वाढविण्याचे कारणच उरत नाही.