पाच सेंट मागणारे दार

उपहास म्हटला की आपल्याला प्रहसन, विडंबनकाव्य किंवा व्यंगचित्र आठवते. परंतु एखादी वस्तूदेखील उपहासाचे माध्यम होऊ शकते. अशा कल्पित वस्तूंच्या इतिहासात १९६९ हे वर्ष आम्हाला विशेष महत्त्वाचे वाटते.

त्या वर्षी फ्रेंच चित्रकार जाक कारेलमान यांनी न सापडणाऱ्या वस्तूंचा कॅटलॉग प्रसिद्ध केला. टपालाने माल विकणाऱ्या कंपनीच्या जाडजूड सूचीपत्राचे ते विडंबन होते. त्यातील कॉफीच्या किटलीची तोटी मुठीच्याच बाजूला आहे. कॉफी ओतू पाहणाऱ्याचाच हात भाजावा! ही किटली निरुपयोगी खरी, पण निदान विकत घेणाऱ्याच्या मालकीची आहे.

त्याच वर्षी अमेरिकेत फिलिप के. डिक यांची ‘युबिक’ ही कादंबरी आली. तिचा नायक जो चिप कफल्लक आहे. त्याच्या स्वतःच्या घराचे दार पाच सेंट घेतल्याशिवाय उघडत नाही. हे पैसे म्हणजे स्वखुशीची बक्षिसी, असा त्याचा समज. दार त्याला खरेदीचा करार वाचायला सांगते. करारात ते सक्तीचे शुल्क असल्याचे निघते. अखेर तो सुरीने दाराचे स्क्रू काढू लागतो, तेव्हा दार त्याला कोर्टात खेचण्याची धमकी देते. कारेलमान यांची किटली बिघडलेली आहे, डिक यांचे दार मात्र धडधाकट आहे. बिघडले आहे ते माणूस आणि त्याची वस्तू यांमधले नाते.

पुढे २००८ मध्ये जर्मनीच्या फाबियान ब्रुन्सिंग यांनी अशी वस्तू प्रत्यक्षात घडवली. त्यांच्या बाकावर लोखंडी खिळे उभे असतात. अर्ध्या युरोचे नाणे टाकले की ते खाली जातात, आणि ठरावीक वेळ संपली की पुन्हा वर येतात.

अतिशयोक्ती हे उपहासाचे हुकमी शस्त्र. वास्तवच तिथवर पोहोचले, तर या शस्त्राचे काय होते? २०२२ मध्ये बीएमडब्ल्यू कंपनीने काही देशांत मोटारीचे आसन गरम करण्याच्या सोयीसाठी मासिक शुल्क आकारल्याचे गाजले. तापवणारी यंत्रणा मोटारीत आधीच बसवलेली होती; पैसे द्यायचे ते तिचे कुलूप उघडण्यासाठी. टीकेनंतर २०२३ मध्ये कंपनीने हा प्रकार थांबवला.

येथे आपल्या भाषेचा प्रश्न उपस्थित होतो. ‘सबस्क्रिप्शन’ला आपण सहज ‘वर्गणी’ म्हणतो. परंतु एकोणिसाव्या शतकात कित्येक मराठी ग्रंथ आगाऊ वर्गणीदारांच्या बळावर छापले गेले. नियतकालिके वर्गणीवर जगली, सार्वजनिक गणेशोत्सव वर्गणीतून उभे राहिले. वर्गणी म्हणजे सामाईक कार्यातला आपला वाटा. ती पुढच्या वर्षी थांबवली, तरी मागचे अंक आपल्या कपाटातून कोणी उचलून नेत नसे.

जो चिपच्या दाराला द्यावे लागते ते भाडे होय, तेही विकत घेतलेल्या वस्तूचे. त्याला वर्गणी म्हणणे म्हणजे सक्तीला सहभागाचे नाव देणे. जो चिप शुल्काला बक्षिसी समजत होता, आपण भाड्याला वर्गणी समजतो. म्हणूनच हा उपहास वर्गात शिकवताना करारातल्या शब्दांपासून सुरुवात करावी, असे आम्हाला वाटते.