टर्बो गाडीला मोठा इंटरकूलर, ओपन फिल्टर बसवताय? आधी पाईप तपासा

मोबाईलवर व्हिडिओ बघून गाडीला मोठा इंटरकूलर आणि ओपन फिल्टर बसवायचा नाद आता तालुक्याच्या गावांपर्यंत आलाय. मुळात स्पोर्ट्स कारसाठी निघालेलं हे सामान ऑनलाइन कुणालाही मिळतं. पोलो जीटी, पेट्रोल थारपासून डिझेल एसयूव्हीपर्यंत ते बसवलं जातं. त्याने नेमकं काय होतं, बसवताना काय सांभाळायचं आणि आपल्याकडच्या धुळीत ते किती टिकतं, याची ही माहिती.

इंटरकूलर करतो काय?

टर्बो म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. तो बाहेरची हवा ओढून, दाबून इंजिनात भरतो. पण हवा दाबली की तापते. सायकलमध्ये हवा भरताना पंप खालून गरम लागतो, तसंच. बाहेर ४० अंश असताना टर्बोने हवेचा दाब दुप्पट केला, तर हिशेबाने ती हवा १३० ते १४० अंशांपर्यंत जाते. गरम हवा विरळ असते, म्हणून मधे रेडिएटरसारखी जाळी बसवून ती थंड करतात. तोच इंटरकूलर. हवा ७० अंशांपर्यंत खाली आली, तर तेवढ्याच दाबाला सिलिंडरमध्ये सुमारे २० टक्के जास्त हवा मावते.

जुन्या ३.० लिटर फॉर्च्युनरच्या बोनटवर जे उघडं तोंड दिसतं, ते याच जाळीला वारा द्यायला. जपानच्या सुबारू डब्ल्यूआरएक्स या स्पोर्ट्स कारलाही तसंच असतं. बाजारात मिळणारं चिकटवायचं प्लास्टिकचं तोंड मात्र नुसतं दिसायला, त्यातून वारा कुठंच जात नाही.

पेट्रोल टर्बोत थंड हवेचं महत्त्व आणखी मोठं. फार तापलेल्या हवेत पेट्रोलचं मिश्रण नीट जळण्याऐवजी एकदम भडकतं, आतून ठोके बसतात आणि पिस्टन फुटू शकतो. डिझेलला ही भीती नसते. पण तिथे नुसती जाळी मोठी केल्याने गाडी फारशी जोरात पळत नाही, कारण जास्त हवेबरोबर डिझेलही वाढावं लागतं. ते ठरवतो गाडीचा कॉम्प्युटर.

शिवाय जाळी फार मोठी घेतली की ती भरायला हवेला वेळ लागतो आणि ॲक्सिलेटर दिल्यावर गाडी उशिरा उठते. समोर बसवली तर रेडिएटरचा वारा अडतो. मे महिन्यात, घाटात, एसी चालू असताना टेंपरेचरचा काटा वर गेला तर सगळा फायदा तिथेच संपला.

इनटेक बदलताना खरी फसगत

अनेक गाड्यांत फिल्टरनंतरच्या पाईपमध्ये हवा मोजणारा सेन्सर असतो. त्या पाईपच्या ठरलेल्या जाडीवरच त्याचा हिशेब बसवलेला असतो. जाड पाईप घातला की हवा सेन्सरवरून हळू जाते, कॉम्प्युटरला वाटतं हवा कमी आली, आणि तो पेट्रोल कमी सोडतो. बाजारातनं आणताना एवढं जाणवणार नाही, पण फुल ॲक्सिलेटरला इंजिन आतून तापतं. म्हणून असा इनटेक बसवल्यावर कॉम्प्युटरचं ट्युनिंग करावंच लागतं. ते करणारा माणूस जवळपास नसेल, तर सामान घेऊच नये. तेल लावायच्या कापडी फिल्टरला तेल जास्त झालं, तर तेही सेन्सरवर जाऊन बसतं.

बोनटखाली उघडा कोन फिल्टर लावला की तो इंजिनाचीच गरम हवा ओढतो. थंड हवेसाठी फिल्टर खाली बंपरपाशी नेला तर दुसरंच संकट. ओढ्याला किंवा पुलावर पाणी असताना तो पाणी ओढतो. पाणी दाबलं जात नाही, मग कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन जागेवर बसतं. पावसाळ्यात ज्यांच्या वाटेत फरशी पूल लागतो, त्यांनी तर असा फिल्टर नकोच.

गळती कुठं आहे, यावर सगळं

टर्बोच्या पुढची, म्हणजे टर्बो ते इंजिन या भागातली गळती ओरडून सांगते. ॲक्सिलेटर दिला की सूंऽ आवाज येतो, गाडी ओढत नाही, डिझेल गाडी काळा धूर सोडते. क्लिप आवळली किंवा पाईप बदलला की काम झालं. फिल्टर ते टर्बो या भागातली गळती मात्र मुकी असते. तिथे हवा बाहेर जात नाही, आत ओढली जाते, आणि तिच्याबरोबर न गाळलेली धूळही. पाणंदीची, ऊस वाहतुकीच्या रस्त्याची बारीक माती टर्बोची पाती खाते, मग पिस्टन रिंग आणि सिलिंडर घासते. गाडी ऑइल खायला लागते तेव्हा कळतं, आणि तोवर इंजिन खोलायची वेळ आलेली असते.

तपासणी फुकट आहे. इंजिन बंद करून फिल्टरनंतरचा पाईप सोडवावा आणि आतून पांढऱ्या फडक्याने पुसावा. फडक्यावर माती आली, तर धूळ आत जातेय. फिल्टरचं रबर बसत नसेल, डब्याची क्लिप तुटलेली असेल किंवा पाईपला चीर असेल. गाडी ओढत नाही म्हणून नवीन इंटरकूलर घेणाऱ्याने आधी हे करून बघावं. बऱ्याचदा एका साध्या होज पाईपचं काम निघतं.

बसवायचंच असेल तर

काम गार इंजिनावर करावं. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढावी. पाईप सुटला की टर्बोचं तोंड लगेच फडक्याने झाकावं आणि किती फडकी वापरली ते मोजून ठेवावं. आत राहिलेली चिंधी किंवा नट पहिल्याच स्टार्टला टर्बोची पाती उडवतो. जुन्या इंटरकूलरमध्ये तेलाचा हलका थर असतोच, पण तेल ओतून निघालं तर आधी टर्बो तपासून घ्यावा. भंगारातला इंटरकूलर स्वस्त पडतो, पण तो टर्बो फुटलेल्या गाडीचा असेल तर जाळीत धातूचे कण अडकलेले असतात. धुऊनही ते सगळे निघत नाहीत.

पाईपच्या टोकाला उंचवटा असावा, नाहीतर दाबाने रबर निसटतं. सांध्याला ग्रीस, ऑइल लावू नये. शेवटी फिल्टरकडचं तोंड टोपण लावून बंद करावं, हवा भरावी आणि सांध्यांवर साबणाचं पाणी टाकावं. दाब १५ पीएसआयच्या वर नेऊ नये, म्हणजे कारच्या टायरच्या साधारण निम्मा. टोपण उडू शकतं, त्यामुळे समोर उभं राहायचं नाही. गाडी धुताना प्रेशरचा पाईप जाळीवर जवळून मारू नये, पत्र्या दुमडतात.

कायद्याचं काय?

आरसीवरची किंवा कंपनीने दिलेली माहिती बदलेल असा फेरफार मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीत आलेल्या कलम १८२अ नुसार बेकायदा फेरफाराला मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. वॉरंटीतली गाडी असेल तर इंजिनाच्या दुरुस्तीचा खर्च कंपनी नाकारू शकते. विमा कंपनीला बदल कळवला नसेल तर क्लेमच्या वेळी तोच मुद्दा निघतो. काढलेलं मूळ सामान भंगारात न घालता जपून ठेवावं. गाडी विकताना गिऱ्हाईक तेच मागतं.