वेल्डिंगचं घड्याळ

आजचा इतिहास एका स्विचचा.

मी दिवसभर कोड लिहितो. माझं काम 50 मिलिसेकंद उशिरा झालं तर युझरला कळतही नाही. स्पॉट वेल्डिंगमध्ये तेवढ्यात पातळ पत्र्याला भोक पडू शकतं.

प्रकार तसा सोपा. दोन पत्रे तांब्याच्या इलेक्ट्रोडमध्ये दाबायचे, हजारो अँपिअर करंट सोडायचा, मधला भाग वितळून एकजीव होतो. विजेच्या रोधानं होणाऱ्या वेल्डिंगचं पेटंट एलिहू थॉमसननं 1886 मध्ये अमेरिकेत घेतलं. उष्णता ठरते करंट, रोध आणि वेळ यांवर. शाळेत घोकलेला ज्यूलचा नियम. करंट वाढवायला ट्रान्सफॉर्मर होता. पण वेळ? ती आधी कारागिराच्या पायाखालच्या पेडलवर, मग कॉन्टॅक्टरवर. त्याचे संपर्क ठिणग्यांनी झिजायचे आणि प्रत्येक वेळी थोडे मागेपुढे उघडायचे.

फिलाडेल्फियाच्या बड कंपनीला हे परवडणारं नव्हतं. 1934 ची त्यांची ‘झेफिर’ रेल्वे स्टेनलेस स्टीलची. हे स्टील जास्त वेळ तापलं तर त्यातलं क्रोमियम कार्बनशी जुळतं आणि जोडाजवळ गंजरोधकपणा जातो. बाहेरून सगळं चकाचक! म्हणून करंट प्रचंड, वेळ अगदी थोडा, असं त्यांचं तंत्र होतं.

त्याच दशकात वेस्टिंगहाऊसच्या जोसेफ स्लेपियनचा इग्निट्रॉन आला, आणि मला तर तो भन्नाट वाटतो. बंद भांडं, तळाला पारा, त्यात टेकलेली छोटी कांडी. कांडीला झटका दिला की पाऱ्यावर आर्क पेटतो, मुख्य करंट सुरू. एसी शून्यावर आला की आपोआप विझतो! हलणारा भाग एकही नाही. उलटसुलट जोडलेले दोन इग्निट्रॉन लाटेच्या दोन्ही बाजू सांभाळायचे. त्यांना झटका द्यायला थायरेट्रॉन, आणि किती सायकल द्यायच्या ते मोजायला रेझिस्टर-कपॅसिटर. झटका लाटेत जरा उशिरा दिला की उष्णता कमी. आपल्या पंख्याच्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरचीही हीच युक्ती.

1957 मध्ये जनरल इलेक्ट्रिकनं एससीआर आणला. पुढे पाऱ्याच्या भांड्यांची जागा त्यानं घेतली, जोडणी मात्र तशीच, उलटसुलट.

वेल्डिंगची वेळ आजही बऱ्याच ठिकाणी सायकलमध्ये लिहितात. आता गंमत बघा: अमेरिकेच्या 60 हर्ट्झवर 10 सायकल म्हणजे साधारण 167 मिलिसेकंद, आपल्या 50 हर्ट्झवर 200. तिकडचा तक्ता जसाच्या तसा इकडे वापरला, तर जोड 33 मिलिसेकंद जास्त भाजला जाणार.