किल्ल्या कोणाच्या हाती?

संत बेनेडिक्ट यांनी सहाव्या शतकात मठवासीयांसाठी जी नियमावली घालून दिली, तिच्या अठ्ठेचाळिसाव्या प्रकरणात उपवासकाळाच्या आरंभी प्रत्येकाला एकेक ग्रंथ द्यावा आणि त्याने तो अथपासून इतिपर्यंत वाचावा, अशी आज्ञा आहे. ग्रंथ राखणारा जसा हवा, तसा तो वाचकाच्या हाती देणाराही हवा, हे ख्रिस्तसभेने इतक्या जुन्या काळी ओळखले होते. २५८ साली रक्तसाक्षी झालेले रोमचे डीकन संत लॉरेन्स हे ग्रंथपालांचे आश्रयदाते. त्यांचा सण १० ऑगस्टला येतो, आणि दोनच दिवसांनी, १२ ऑगस्टला, आपल्या देशात डॉ. एस. आर. रंगनाथन यांच्या स्मरणार्थ ग्रंथपाल दिन पाळला जातो.

रंगनाथन मूळचे गणिताचे अध्यापक. १९२४ साली ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत मांडले. त्यांतील पहिल्याचा आशय इतकाच, की ग्रंथ हे जपून ठेवण्यासाठी नसून वापरण्यासाठी आहेत. या साध्या विचाराने ग्रंथपालाचे काम पालटले. पहारेकरी होता, तो वाटाड्या झाला.

आमच्या जालना परिसरात हा विचार पोहोचायला वेळ लागला. हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. वरच्या शिक्षणाचे माध्यम उर्दू, त्यातच सभा-संमेलनांवर निर्बंध. अशा काळात मराठी वाचनालय हे भाषेचे आश्रयस्थान होते. परभणीचे गणेश वाचनालय १९०१ सालचे. पुढे १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले, १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आला आणि गावोगावच्या वाचनालयांना अनुदानाचा आधार मिळाला. १ मे १९८१ रोजी जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला. परंतु तो कायदा सार्वजनिक ग्रंथालयांचा. शाळेतले कपाट त्याच्या कक्षेबाहेरच राहिले.

त्या कपाटाचा धनी म्हणजे शालेय ग्रंथपाल. आमच्या पिढीने त्यांना पाहिले ते दाखल नोंदवहीत सुवाच्य अक्षरात क्रमांक घालताना, पुस्तकांना खाकी वेष्टन चढवताना. पुस्तक हरवले तर त्याचा जाब त्यांनाच द्यावा लागे, म्हणून कुलूप घट्ट असे. त्यांच्या कडकपणाला नावे ठेवणे सोपे आहे, पण हिशेब मागणाऱ्या व्यवस्थेने त्यांना तसे घडवले. पुढे संगणक आला, नोंदवहीची जागा पडद्याने घेतली. आता मोबाइलच्या युगात माहिती मुलांच्या बोटांवर आहे. खरे काय नि खोटे काय, हे पारखायला शिकवणारा मात्र दुर्मीळ झाला आहे. ग्रंथपालाचे नवे काम नेमके हेच.

आणि नेमक्या याच वेळी तो शाळेतून दिसेनासा होत आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत प्रत्येक शाळेला ग्रंथालय असावे, त्यात वृत्तपत्रे, मासिके व गोष्टींची पुस्तकेही असावीत, असे म्हटले आहे. ग्रंथपाल मात्र त्या अनुसूचीत नाही. माध्यमिक शाळांतही हे पद विद्यार्थिसंख्येवर अवलंबून, त्यामुळे लहान गावच्या शाळेच्या वाट्याला ते येत नाही. किल्ली एखाद्या शिक्षकाकडे असते, आणि त्या बिचाऱ्याला आधीच शंभर कामे.

अंबड, घनसावंगी, मंठा या भागांतून दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची मुले तर वर्षातले अनेक महिने त्या कपाटापासूनही दूर असतात. त्यांच्यापर्यंत पुस्तक कोणी न्यावे? याचे उत्तर जुनेच आहे. बडोदे संस्थानात सयाजीराव गायकवाड यांनी १९१० साली अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना बोलावून ग्रंथालयांची घडी बसवली, तेव्हा खेडोपाडी फिरत्या ग्रंथपेट्या जाऊ लागल्या. वाचक पुस्तकाकडे येऊ शकत नसेल, तर पुस्तकाने वाचकाकडे जावे, हे त्यामागचे तत्त्व होते.

एखादी ग्रंथपेटी आपल्या धर्मग्रामालाही जड नाही. उपवासकाळात आपण त्याग करतो, दानपेटीत पैसे टाकतो. त्याच काळात एका कुटुंबाने एक चांगले मराठी पुस्तक द्यावे, निवृत्त शिक्षकांपैकी कोणी आठवड्यातून एक तास पेटी उघडून बसावे, आणि घेणाऱ्या मुलाचा धर्म वा जात विचारू नये. काही पुस्तके फाटतील, काही परत येणार नाहीत. ती वापरली गेली, असे समजावे. कुलपात सुरक्षित राहिलेल्या पुस्तकाचा हिशेब बरोबर लागेल, पण त्याने कोणाचे भले झाले, हा प्रश्न उरतोच.