चढणीचे मासे



मूल तालुक्यातील एका शाळेत काही कामाने गेलो असताना तिथल्या गुरुजींनी मला पेचात टाकले. वर्गात साल्मन माशाची गोष्ट सांगून झाली होती आणि एका मुलाने विचारले होते, "गुरुजी, हा मासा आपल्या तळ्यात का नाही?" मी इतिहास शिकवणारा माणूस, माशांशी माझा संबंध बहुधा ताटापुरताच. पण तो प्रश्न काही डोक्यातून जाईना, आणि उत्तर शोधता शोधता मी आपल्याच तळ्यांच्या पाळीवर येऊन पोचलो.

आधी साल्मनचे पाहू. साल्मन म्हणजे एक मासा नव्हे, ते एक घराणे आहे. अटलांटिक महासागराला मिळणाऱ्या नद्यांत, म्हणजे नॉर्वे, स्कॉटलंड, कॅनडाचा पूर्व भाग इकडे त्याची एकच जात. पॅसिफिकच्या बाजूला मात्र चिनूक, सॉकाय, कोहो, पिंक आणि चम अशा पाच जाती, आणि सहावी मासू, ती फक्त आशियाच्या किनाऱ्याकडे, जपान व रशियाच्या बाजूला. या सगळ्यांना थंड पाणी हवे. जन्म नदीच्या वरच्या अंगाला वाळूगोट्यांत, वाढ समुद्रात, आणि अंडी घालायला पुन्हा त्याच जन्माच्या ओढ्यात! पाण्याच्या वासावरून मासा आपला ओढा ओळखतो, असे शास्त्रज्ञ म्हणतात. मुंबईच्या बाजारात रावसाला इंग्रजीत साल्मन म्हणतात खरे, पण त्याचे कूळ अगदी निराळे.

तेव्हा त्या मुलाचे उत्तर सोपे आहे. आपले पाणी उन्हाळ्यात तापते, तिथे साल्मन जगायचा नाही. पण नदी चढून जाणारा मासा आपल्याकडे नाही, असे मात्र समजू नका. मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला, नाल्याला गढूळ लोंढा आला, की रात्री कंदील नाहीतर बॅटरी घेऊन सांडव्याशी कोण कोण उभे असते, ते तुम्हाला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. चढणीचे मासे! वाघूर, शिंगी, मरळ आणि बारीकसारीक मासळी प्रवाहाच्या उलट निघते. नदीतून नाल्यात, नाल्यातून सांडव्याने तळ्यात, आणि तिथून धानाच्या बांध्यांतसुद्धा. उथळ, नव्या, कोमट पाण्यात अंडी घालायची असतात ना! वाघूर आणि मरळ यांना हवेतला श्वास घेता येतो, म्हणून ओल्या बांधावरून सरपटत पलीकडच्या पाण्यात जायलाही त्यांना फारसे अवघड नाही.

साल्मनचा रस्ता निसर्गाने केला. आपल्या माशांच्या रस्त्याचा मोठा भाग मात्र माणसांनी केला, आणि इथे माझा इतिहास कामाला येतो. चांद्याच्या गोंड राजांनी, विशेषतः हिरशहाने, जो जंगल तोडील त्याला जमीन आणि जो तळे बांधील त्याला त्या पाण्याखालची जमीन, असा शिरस्ता घातल्याचे परंपरा सांगते. 1869 च्या बंदोबस्ताच्या अहवालात मेजर ल्यूसी स्मिथ यानेही ही हकीकत नोंदवली आहे. पूर्व विदर्भात कोहळी समाजाने या कामात नाव मिळवले. पुढे मालगुजारांच्या हाती आलेली अशी लहानमोठी तळी 6-7 हजार सांगतात. ती धानासाठी बांधली. माशांचा विचार कोणी केला असेल असे मला वाटत नाही. पण वरच्या तळ्याचे जादा पाणी खालच्या तळ्यात, तिथून बोडीत, नाल्यात, शेवटी उमा-अंधारीच्या वाटेने वैनगंगेत, अशी साखळी तयार झाली आणि मासळीला आयती शिडी मिळाली.

रोहू, कतला, मृगळ यांचे तसे नाही. हे वाहत्या पाण्याचे मासे. बंद तळ्यात ते पोसतात, वाढतात, पण तिथे सहसा अंडी घालत नाहीत. त्यांना नदीचा पूर लागतो. म्हणून त्यांचे बीज बाहेरून आणावे लागते. 1957 मध्ये हिरालाल चौधरी आणि अलीकुन्ही यांनी ओरिसात माशाच्या मस्तकातील ग्रंथीचा अर्क टोचून त्यांच्याकडून अंडी घालवून घेतली, आणि बीज हवे तेव्हा तयार करता येऊ लागले. शोध मोठाच. या माशांनी कितीतरी ढीवर कुटुंबांच्या हाती पैसा दिला, हे नाकारण्यात अर्थ नाही.

मात्र 1951 साली मालगुजारी गेली, तळी सरकारकडे आली, आणि तळे म्हणजे इतके बीज सोडा, इतके वजन काढा, असा हिशेब रुळत गेला. त्या हिशेबात फुकट येणाऱ्या मरळ-वाघुराला रकाना नव्हता. सांडवे उंच झाले, नाल्यांत सिमेंटच्या भिंती आल्या, बोड्या बुजवून शेते झाली, पाळीवर बेशरम माजली, बांध्यांत कीटकनाशके आली. त्यातून जी मादी वर चढते, ती पोटातल्या अंड्यांसकट सांडव्यावरच जाळ्यात पडते. पाण्यात विष वा सुरुंग वापरण्याला 1897 च्या कायद्याने बंदी केली. चढणीच्या मादीसाठी मात्र गावानेच काही ठरवावे लागते.

एका भिंतीने काय होते, याचे उदाहरण आपल्याच पाण्याच्या खालच्या टोकाला आहे. वैनगंगा वर्धेला मिळून प्राणहिता होते आणि सिरोंच्याजवळ गोदावरीत जाते. त्या गोदावरीत समुद्रातून हिलसा मासा पावसाळ्यात अंडी घालायला चढतो. आंध्रात त्याला पुलसा म्हणतात आणि तो भलताच महाग विकतो. चालीने तो साल्मनचा भाऊच म्हणा! 1847 ते 1852 या काळात आर्थर कॉटनने धवळेश्वरम येथे बंधारा बांधला. डेल्टा हिरवागार झाला, आणि हिलशाची वर जायची वाट तिथे अडली.

आपली भिंत एवढी मोठी नाही. सांडव्याच्या एका अंगाला दगडांचा उतार ठेवला तरी मासळी चढते.

परतताना तळ्यावर एक म्हातारे ढीवरबाबा भेटले. काठाशी पाण्यात लालसर पिल्लांचा झुबका हलत होता, आणि त्याच्याखाली मरळ राखण करीत होती. बाबांच्या खांद्यावर जाळे होते. मी म्हटले, "टाकत का नाही?" ते म्हणाले, "पोरं हायेत ना तिची अजून," आणि पाळीवरून पुढे निघून गेले.