पात्यांच्या कोनाची कुळकथा

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात परभणी जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात मोडत होता. अव्वल तालुकदाराच्या दफ्तरी ज्या काळ्या जमिनीची जमाबंदी होई आणि जिचा सारा संस्थानच्या खजिन्यात जमा होई, त्या जमिनीचा इंग्लंडच्या आकाशात झुंजणाऱ्या विमानांशी दूरान्वयाने का होईना संबंध होता, हे आज फारसे कोणाच्या ध्यानी येत नाही. निजामाच्या देणगीमुळे ब्रिटिश हवाई दलाच्या १५२ व्या तुकडीस हैदराबादचे नाव लाभले, तिच्या मानचिन्हावर निजामाचे शिरोभूषण विराजमान झाले, आणि १९४० च्या आरंभी तिच्या वैमानिकांच्या हाती स्पिटफायर विमाने आली. त्या विमानांच्या पंख्याच्या पात्यांचा कोन बदलणाऱ्या यंत्रणेची ही कुळकथा आहे.

काळ्या रानात नांगराचा फाळ खोल गेला तर बैल दमतात आणि उथळ राहिला तर बैल झपाझप चालूनही नांगरट होत नाही. पंख्याच्या पात्यांचेही तसेच आहे. उड्डाणाच्या समयी पाते अल्प कोनात असावे, म्हणजे इंजिन पुऱ्या वेगाने फिरून पूर्ण शक्ती देते. विमानाचा वेग वाढल्यावर मात्र तोच कोन अपुरा पडतो आणि इंजिन मर्यादेबाहेर फिरू लागते. १९३६ च्या मार्च महिन्यात प्रथम उडालेल्या स्पिटफायरला दोन पात्यांचा, अचल कोनाचा लाकडी पंखा होता, म्हणजे दोन विरुद्ध गरजांमधील ती एक तडजोडच होती. पुढे आलेल्या धातूच्या तीन पात्यांच्या पंख्याला दोन कोन मिळाले. परंतु तो बदल वैमानिकाने स्वहस्ते करावयाचा असे, आणि मधल्या अवस्थांची सोय त्यात नव्हतीच.

वास्तविक उपाय पूर्वीच सापडला होता. जेम्स वॉटने १७८८ मध्ये वाफेच्या इंजिनाला वेग आपोआप आवरणारा, फिरत्या गोळ्यांचा नियामक जोडला होता. त्याच तत्त्वावर इंग्लंडमध्ये हेले-शॉ आणि बीचम यांनी १९२४ मध्ये तेलाच्या दाबाने पात्यांचा कोन बदलणाऱ्या पंख्याचे पेटंट घेतले, परंतु त्याची कदर तेथे वेळीच झाली नाही. अमेरिकेत फ्रँक कॉल्डवेलने हॅमिल्टन स्टँडर्ड कंपनीत असा पंखा व्यवहारोपयोगी केला, आणि त्याच कंपनीचा परवाना घेऊन डी हॅविलँड कंपनीने तो इंग्लंडात बनविला. नियामकातील वजने इंजिनाचा वेग वाढताच बाहेर फेकली जातात, झडप सरकते, पंख्याच्या नाभीतील तेल मागे येते, आणि पात्यांना जोडलेले प्रतिभार कोन वाढवितात. वेग घटला की नेमके उलट घडते. वैमानिकाने केवळ इष्ट वेग ठरवावा, बाकीचे यंत्र सांभाळते.

फ्रान्सच्या पाडावानंतर, १९४० च्या जून महिन्यात, डी हॅविलँडचे कारागीर विमानतळोविमानतळी जाऊन ही नवी यंत्रणा बसवू लागले, आणि ऑगस्टच्या मध्यापर्यंत हजारांहून अधिक स्पिटफायर व हरिकेन विमानांत ती बसली. उड्डाणास लागणारी धाव आखूड झाली, चढण्याचा वेग वाढला, आणि उंची गाठण्याचे सामर्थ्यही वाढले. जुलैत वॉर्मवेलला आलेली हैदराबाद तुकडी इंग्लंडवरील हवाई लढाईच्या ऐन रणधुमाळीत दक्षिण किनाऱ्याचे रक्षण करीत होती. १९४३ च्या अखेरीस ती ब्रह्मदेशाच्या आघाडीवर, आपल्याच उपखंडाच्या उंबरठ्यावर, दाखल झाली.

युद्धाचा इतिहास सेनापतींच्या नावांनी लिहिला जातो. परंतु जी युक्ती सोळा वर्षे उपलब्ध असून उपेक्षित राहिली आणि अखेर काही आठवड्यांत अहोरात्र राबून विमानांत बसविली गेली, तिच्या शोधकांस व त्या अनाम कारागिरांस त्या हवाई लढाईतील विजयाच्या श्रेयात मानाचा वाटा देणे हाच न्याय होय.