वजन नसलेली वस्तू

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी सत्तावन्न फुटांवर गेलं, तेव्हा आमच्या घरातल्या झाडून सगळ्या जड वस्तू बुडाल्या. कपाट, धान्याची कोठी, वडिलांची पुस्तकं. आठवड्यानं दार उघडलं तर आत चिखलच चिखल, आणि पंख्याच्या पात्याला अडकून बसलेलं आमचं जुनं थर्माकोलचं मखर. मळलेलं, पण अखंड!

हे मखर तसं निवृत्तच झालं होतं. मार्च २०१८ मध्ये राज्यात प्लास्टिक-थर्माकोलवर बंदी आली. सजावटीच्या थर्माकोलला निदान त्या वर्षीच्या गणपतीपुरती सूट द्या, ही मागणी हायकोर्टानं फेटाळली. तेव्हापासून मखर माळ्यावर पडून होतं. पुरानंतर भंगारवाल्याला बोलावलं. त्यानं चिखलानं भरलेला मिक्सरसुद्धा नेला, पण मखराला हात लावला नाही. "काका, ह्याला वजन कुठं हाय?"

बरोबरच आहे. भंगाराचा सगळा धंदा काट्यावर चालतो, आणि थर्माकोल म्हणजे जवळजवळ अठ्ठ्याण्णव टक्के हवा. एक घनमीटर थर्माकोलचं वजन भरतं पंधरा-वीस किलो. टेम्पो भरून नेला तरी डिझेलचे पैसे सुटायचे नाहीत. त्याला कुणी विचारत नाही ते तो निरुपयोगी आहे म्हणून नव्हे, हलका आहे म्हणून.

याचा इतिहासही गमतीचा आहे. १८३९ मध्ये बर्लिनच्या एडुआर्ड सिमोन या औषधविक्रेत्याला एका झाडाच्या डिंकातून पॉलिस्टायरीन मिळालं. आपल्या हाती काय लागलंय हे मात्र त्याला उमगलं नाही. पुढे शंभरेक वर्षांनी बीएएसएफ या जर्मन कंपनीतल्या फ्रिट्झ श्टास्टनी यांनी त्याचे वाफेनं लाहीसारखे फुलणारे मणी बनवले. 'थर्माकोल' हेही मुळात त्याच कंपनीचं व्यापारी नाव. आपण त्याला इतकं घरचं केलं की ते सामान्यनाम होऊन बसलं.

असो. त्या मखराकडे बघताना मला आठवलं ते पाटण तालुक्यातलं आजोळ.

११ डिसेंबर १९६७. पहाटे चार वाजून एकवीस मिनिटांनी कोयनेचा भूकंप झाला. साधारण साडेसहा रिश्टरचा. सुमारे १८० माणसं गेली. माझा जन्म नंतरचा, पण आजीच्या तोंडून ती पहाट इतक्यांदा ऐकली की मीच तिथं होतो असं वाटतं. आजी म्हणायची, "धरणीनं न्हाई मारलं रं कुणाला, भितीनं मारलं." (भितीनं म्हणजे भिंतीनं. लहानपणी मला ते 'भीतीनं' असंच ऐकू यायचं.) दगडमातीची हातभर जाड भिंत, तिच्याच पायाशी माणसं झोपलेली. आजोळच्या घराचं पुढचं दगडी अंग ढासळलं. मागच्या पडवीला मात्र कारवीचा कूड होता, शेणमातीनं लिंपलेला. तो नुसता हलला आणि उभा राहिला. आजी आणि तिची पोरं त्या पडवीत निजलेली होती.

पुढे ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला तेच झालं, कितीतरी पटींनी मोठं. तिथंही घात केला तो जाडजूड दगडी भिंतींनी आणि माळवदावरच्या मातीच्या ओझ्यानं. भूकंपाचं गणित साधं आहे. घर जितकं जड, तितका त्याला बसणारा हिसका मोठा.

म्हणजे भंगारवाल्याच्या लेखी जो दोष, तोच भिंतीच्या लेखी गुण!

आणि ही अक्कल काही परदेशातून आलेली नाही. कराड-सांगली पट्ट्यातले वीटभट्टीवाले मातीत भाताचा तूस नाहीतर उसाच्या बगॅसची राख कालवतातच. भट्टीत तूस जळून जातो, त्याच्या जागी बारीक पोकळ्या राहतात आणि वीट हलकी होते. युरोपात १९६० च्या दशकात 'पोरोटॉन' नावाची वीट निघाली. तिच्यातही हीच युक्ती, फक्त तुसाच्या जागी पॉलिस्टायरीनचे मणी. ऑस्ट्रियातून आलेल्या 'रास्ट्रा' ठोकळ्यांत आकारमानानं सुमारे ८५ टक्के टाकाऊ थर्माकोलचा भुगा असतो, बाकी सिमेंट. आपल्याकडे इंदूरला २०२१ मध्ये पायाभरणी झालेल्या १०२४ घरांच्या 'लाइट हाउस' प्रकल्पात भिंतींच्या तयार फळ्यांचा गर सिमेंट, वाळू आणि थर्माकोलच्या मण्यांचा आहे.

हे सगळं वाचून आम्हीही प्रयोगाला बसलो. मखर जाळीवर किसलं, भुगा सिमेंट-वाळूत टाकला, पाणी ओतलं. भुगा सगळा वर! थर्माकोल पाण्याला धरत नाही. पुराची दुरुस्ती करायला आलेले गवंडीमामा बघत होते. म्हणाले, "सर, ह्यो काय सिमिटाचा चिवडा करताय व्हय?" मग त्यांनीच तोड काढली. आधी सिमेंटाची घट्टसर रबडी करून भुगा तिच्यात माखला, मग वाळू, आणि पाणी अगदी बेतानं. असे बारा ठोकळे झाले. साध्या काँक्रीटचा घनमीटर भरतो चोवीसशे किलो. आमचा ठोकळा त्याच्या निम्म्याहूनही हलका होता. बादलीत टाकला तर तरंगला.

पण मामांनी एका ठोकळ्यावर हातोडी मारली आणि तो भुसकन फुटला. म्हणाले, "ह्याच्यावर तुळई ठेवू नगा." खरं आहे. हलकेपणाची किंमत ताकदीत मोजावी लागते. भार झेलायला खांब-तुळया वेगळ्या हव्यात, यानं नुसती जागा भरायची. शिवाय थर्माकोल आगीत वितळतो, काळा विषारी धूर सोडतो. म्हणून दोन्ही अंगांनी गिलावा पाहिजेच. आम्ही ते ठोकळे गच्चीवर उन्हाच्या बाजूला पसरून वर पातळ कोबा केला. खालची खोली उन्हाळ्यात आता बरी वाटते.

एक गोष्ट मात्र कबूल केली पाहिजे. मखर किसताना बराचसा भुगा वाऱ्यानं उडाला. गटारात गेला, म्हणजे पुढे कृष्णेतच गेला असणार. एक मखर वाचवताना मी त्याचे लाखभर तुकडे करून बसलो. पुन्हा करायची वेळ आली तर बंद खोलीत, ओला करून करीन.

आजोळची पडवी आता नाही. कुणी राहत नव्हतं, छप्पर गेलं आणि तीन-चार पावसाळ्यांत कूड मातीला मिळून गेला. तिथं आता गवत आहे. माझे ठोकळे मात्र कुणीतरी एक दिवस फोडेल तेव्हा आतले पांढरे मणी जसेच्या तसे बाहेर येतील. टाकाऊचं टिकाऊ केलं असं आपण कौतुकानं म्हणतो. थर्माकोल आधीच टिकाऊ होता, तीच तर अडचण आहे.

मखर आता करायचं नाही, ते ठरलंच. पण टीव्ही-फ्रिजच्या खोक्यातून तो घरात येतच राहणार. आलाच आहे तर नदीत जाण्यापेक्षा भिंतीत राहू दे, एवढंच माझं म्हणणं. आणि घर हलकं ठेवा. आजीनं एवढं एकच बांधकामशास्त्र शिकवलं होतं.